हजाराच्या सहा नोटा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. भुसावळच्या एका कारागिराने मला ठोकून घडवले, काळा रंग दिला आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत 'गिरधर' असे नाव घातले. गिरधरनाना रेल्वेत इंजिन चालवत. सत्तावीस वर्षे मी त्यांच्याबरोबर इंजिनावर फिरले. माझ्यात त्यांची भाकरी, चटणी आणि जाड कांबळे असे. धुराने माझा रंग जाई, पण नाना दर दिवाळीला मला नव्याने रंगवत. "ही माझी जोडीदारीण," असे कौतुकाने सांगत.

१९४५ साली नाना निवृत्त झाले. नोकरीभर पगारातून कापलेला फंड हातात आला, सहा हजार रुपये. लपवायला सोपे म्हणून नानांनी हजाराच्या सहा नोटा मागून घेतल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली.

पहूरचा भाचा शालिग्राम म्हणाला, "मामा, कपाशीच्या व्यापारात घाला." शेजारी म्हणाले, पोस्टात ठेवा. पण नानांनी तरुणपणी एक पेढी बुडताना पाहिली होती. त्यांना कोणाचाच भरवसा वाटेना. अखेर नोटा फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्यात ठेवल्या आणि भले मोठे कुलूप लावले. मग ते बाजाराला जाईनात, लग्नकार्याला जाईनात. दार वाजले की धावत येऊन माझ्यावर बसत. त्यांच्या अंगाची थरथर माझ्या पत्र्याला कळे. धडधडत्या इंजिनावर मी कधी घाबरले नव्हते. आता मात्र घाबरू लागले.

पुढच्या जानेवारीत एके सकाळी नाना न्हाव्याकडून अर्ध्या दाढीनेच परतले. सरकारने पाचशेच्या आणि त्यावरच्या सगळ्या नोटा बंद केल्या होत्या. थोड्याच दिवसांत त्या बदलून घ्यायच्या, आणि कुठून आल्या, का ठेवल्या, तेही लिहून द्यायचे.

"मला चोर ठरवतील," नाना बायकोला म्हणाले.

दुपारी एक दलाल आला. "हजाराचे सातशे देतो. विचारणार कोणी नाही. आत्ताच बोला."

नानांनी किल्ली काढली. कुलूप उघडताना ती दोनदा खाली पडली. तेवढ्यात त्यांची बायको यशोदाबाई पुढे आल्या आणि माझ्या झाकणावर हात दाबून उभ्या राहिल्या. त्या नरडाण्याच्या, बोलत अहिराणीत.

"आपला कष्टना पैसा शे बठ्ठा," त्या म्हणाल्या. "आपुन चोरी करेल नही. कसाले घाबरतस तुम्ही?"

पैसा सगळा कष्टाचा, मग भीती कसली, हे ऐकून दलाल निघून गेला. दुसऱ्या दिवशी मला उचलून दोघे जळगावच्या सरकारी खजिन्यात गेले. रांग मोठी होती. कारकुनाने फंडाचा रेल्वेचा कागद पाहिला आणि विचारले, "पैसे तुमचेच. मग घरात का ठेवले?"

नाना म्हणाले, "साहेब, भीतीपोटी."

कारकुनाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. मग त्याने कागदावर तोच शब्द लिहिला.

सहा हजार पूर्ण मिळाले. दोघांनी शेजारी बसून विचार केला. दोन हजारांत दोन खोल्यांचे घर घेतले आणि चार हजार पोस्टात ठेवले. पहिले काही महिने नाना दर सोमवारी पोस्टात जाऊन पैसे आहेत ना, एवढेच विचारून येत. पुढे तेही थांबले.

आता माझ्यात गोधड्या असतात. कुलूप कधीच गेले. कोपऱ्यात मी गंजते आहे, पण त्याचे दुःख नाही. मित्रांनो, म्हातारपणाची पुंजी जपा, जरूर जपा. पण ती एकट्याने उराशी धरून बसू नका. घरच्या माणसाशी मोकळेपणी बोला. नानांनी माझ्यावर बसून घालवलेले दिवस त्यांना कोणत्याच खजिन्यातून बदलून मिळाले नाहीत.