सहा भोकांची चिठ्ठी

मी दाभण बोलतोय. सुई समजून लाडानं जवळ येऊ नका. सुई पोलकी शिवते, बायका तिला डब्यात जपून ठेवतात. मी वीतभर लांब, पोलादी. माझं काम भोक पाडायचं, आणि ते मी कोणाची गय न करता केलं.

कुर्ल्याच्या एका लोहारानं भंगारातल्या सळईतून मला ठोकून काढला. पहिला मालक धान्याच्या गुदामात पोती शिवायचा. एके दुपारी नळावर आधी कोण यावरून त्याचं आणि दुसऱ्या हमालाचं जुंपलं आणि त्यानं मला त्या हमालाच्या मांडीत घुसवला. खरं सांगतो, मांडी पोत्यापेक्षा मऊ लागली. पोलिसांनी मला पुसला, चिठ्ठी बांधली आणि मुद्देमाल म्हणून फळीवर ठेवला. आठ महिन्यांनी दोघा हमालांनी आपसात मिटवून टाकलं. मालक गावी निघून गेला. मला न्यायला काळं कुत्रंही आलं नाही.

मग पोलिसांच्या दफ्तरात फायली शिवणाऱ्या दत्ताराम परबानं मला साहेबांकडून मागून घेतला. ही चोपन्न सालची गोष्ट. उपनगरातलीच एक पोलीस कचेरी. कुठली ते विचारू नका, नाव घेतलं की दहा जण भांडायला येतील. तिच्या माडीवर दफ्तराची खोली होती. दिवसभर फायली साहेबांच्या टेबलांवर फिरायच्या, संध्याकाळी ढिगानं परत यायच्या. म्हणून दफ्तराचं काम रात्री चालायचं. उजाडायच्या आत प्रत्येक कागद आपापल्या फाईलमध्ये शिवलेला हवा, टेबलावर कपटा दिसता कामा नये.

रात्रपाळीचा मुख्य शरच्चंद्र नाबर. सगळे त्याला नाबरसाहेब म्हणत. मी नुसता नाबर म्हणतो, मला कुठे नोकरी टिकवायची आहे?

त्याची पद्धत अशी. कोर्टात कोणाला शिक्षा झाली की तिची एक छोटी चिठ्ठी यायची. चिठ्ठीवर नाव नसायचं, फक्त फाईलचा नंबर आणि गुन्ह्याचं कलम. नाबर आलेल्या चिठ्ठ्या आधी मोजून वहीत आकडा टाकायचा, मग शिवायला देताना प्रत्येक कागद बोटानं सुटा करून नंबर पुकारायचा. मधुकर कारकून मांडणीवरून ती फाईल काढायचा आणि दत्ताराम शिवायचा. कागदाच्या डाव्या कडेला तीन भोकं. दोन नाहीत, चार नाहीत. पहाटे नाबर हाताला लागतील ते कागद दिव्यासमोर धरायचा. उजेडाचे तीन ठिपके दिसले की ठीक. चौथा दिसला, तर कोणीतरी कागद काढून पुन्हा लावलाय असं समजायचं. एकदा शिवलेलं उसवायचं तर मोठ्या साहेबांची सही लागायची.

नियम वाईट नव्हता, माणूस वाईट होता. कोणाची चूक सापडली की नाबर ती त्याच्याकडूनच लिहून घ्यायचा, मोठ्यानं वाचायला लावायचा आणि सगळ्यांसमोर त्याच्या नोकरीच्या फाईलमध्ये शिवायला लावायचा. मधुकरनं एकदा "माझ्या आळशीपणामुळे" हे शब्द वाचले तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तो चार मुलांचा बाप होता. नाबर म्हणाला, "ऐकू नाही आलं. पुन्हा वाच." मला मजा वाटली. खोटं कशाला बोलू? टोचणाऱ्याला टोचणारा भेटला की बरंच वाटतं.

नाबरच्या पाळीत दीड वर्ष एकही कागद चुकीच्या फाईलमध्ये गेला नव्हता. ते तो रोज सांगायचा. अशी दोन वर्षं पुरी झाली की त्याला दिवसपाळीचं मोठं टेबल मिळणार होतं.

दत्ताराम मालवणकडचा. त्याला मराठी अडखळत वाचता यायचं, इंग्रजी अजिबात नाही. इंग्रजीत तो एकच गोष्ट ओळखायचा, आपल्या मुलाचं नाव. जयवंतनं ते घाटकोपरच्या चाळीतल्या भिंतीवर कोळशानं लिहून त्याला शिकवलं होतं. पोरगा मॅट्रिक झाला आणि त्यानं पोलीस खात्यातच कारकुनीसाठी अर्ज केला. पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का, हे तपासायला त्याची फाईल आमच्याच खोलीत आली.

त्या रात्री दत्तारामनं सगळ्यांना खडीसाखर वाटली. नाबरनं ती घेतली, तोंडात टाकली आणि समोरच्या गठ्ठ्यातून जयवंतचा तपासणीचा कागद ओढला. त्यावर लिहिलं होतं, 'काही नोंद नाही.' नाबरनं तो वाचून दाखवला आणि दत्तारामसमोर टाकला. त्याचं निम्मं लक्ष मधुकरकडे होतं. मधुकरनं एका फाईलचा कोपरा फाडला होता आणि नाबरला त्याचा रात्रभराचा समाचार घ्यायचा होता.

पहिल्या टोच्यालाच मला कळलं की कागद एक नाही, दोन आहेत. मागे एक चिठ्ठी खळीनं चिकटली होती. बोटानं सुटी करायचं काम नाबरचं होतं, आणि त्यानं ते केलं नव्हतं.

दत्तारामचा हात थांबला. "सायबानू, कागद जाड लागता."

नाबर हसला. "मुलाचा कागद म्हणून हात थरथरतोय तुझा. शीव गुपचूप."

दत्ताराम लाजला आणि त्यानं मला रेटला. दुसरं भोक, तिसरं भोक. रोज एक गाठ मारायचा, त्या रात्री त्यानं दोन मारल्या. पोराचं काम आहे, सुटायला नको म्हणून. मी आरपार गेलो. वाकलो असतो तर तो थांबला असता, पण वाकणं माझ्या जातीत नाही.

पहाटे मोजदाद झाली. वहीत चिठ्ठ्या अडतीस, शिवल्या गेल्या सदतीस. नाबरनं टेबलाखाली पाहिलं, टोपली उलटी केली, मधुकरचे खिसेसुद्धा तपासले. शेवटी त्यानं वहीत लिहिलं, 'पूर्ण.' त्याला दोन वर्षांचा हिशेब बिघडवायचा नव्हता.

दत्तारामला एक खोड होती. घरी जाताना तो मला टोपीच्या घडीत खोचून न्यायचा. म्हणून महिन्याभरानं ते पत्र चाळीत आलं तेव्हा मी तिथे होतो. जयवंतनं ते मोठ्यानं वाचलं. दारूबंदीच्या कायद्याखाली पूर्वी शिक्षा झालेली असल्यामुळे अर्ज नामंजूर. फाईलमध्ये शिवलेली चिठ्ठी त्याचीच धरली होती, तिच्यावरचा नंबर कोणी ताडून पाहिला नव्हता.

"बाबा, ह्यां माझां न्हय," तो म्हणाला. "मी दारू कधी बगूकय नाय."

त्याची आई प्रेमा चुलीपासून उठली. "अवो, तेचा आयकून तरी घेवा."

दत्तारामनं काहीच ऐकलं नाही. 'काही नोंद नाही' वाचल्यानंतर कोर्टाची चिठ्ठी आली असणार, असं त्यानं धरलं. सोळा वर्षं दफ्तरात काढलेला माणूस तो. पोरगा खोटं बोलेल, देव खोटं बोलेल, पण शिवलेला कागद खोटं बोलणार नाही, असं त्याचं मत. त्यानं जयवंतच्या मुस्काटात मारली. सगळी चाळ दारात जमली होती, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "दप्तर माझ्या हातान शिवलेला आसा. ता खोटा बोलना नाय. चालतो हो माझ्या घरातून."

जयवंतनं पायात चपलाही घातल्या नाहीत. तो दहिसरला एका खाणीत दगड फोडायला लागल्याचं नंतर कळलं. प्रेमानं नवऱ्याशी बोलणं टाकलं. त्याचं ताट जमिनीवर आपटून ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. भिंतीवर कोळशानं लिहिलेलं नाव तसंच होतं.

दोन महिन्यांनी जयवंतची फाईल नामंजूर अर्जांच्या गठ्ठ्यात बांधायला परत आली. दत्तारामनं ते नाव ओळखलं. पोराचं पाप एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून त्यानं फाईल उघडली. तपासणीच्या कागदाच्या पाठीवर खळीचा पिवळा डाग होता आणि चिठ्ठीच्या पोटावर तसाच डाग. दोन्ही एकमेकांवर बरोबर बसत होते. तो कितीतरी वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग त्यानं चिठ्ठी मधुकरपुढे धरली. "ह्यो नंबर जयवंताचो काय रे?"

मधुकरनं वाचलं आणि मान हलवली. तो नंबर भलत्याच कोणाचा होता.

दत्ताराम फाईल घेऊन नाबरपुढे गेला. "सायबानू, ही चिठ्ठी चिकटान इली. मी त्या राती तुमका सांगितलंय, जाड लागता म्हणान. सायबांची सही घेवा आनि उसवा. माझ्या झिलाचा वाटोळा झाला."

नाबरनं वही काढली, त्या तारखेचं पान पाहिलं आणि वही मिटली. त्याला सगळं कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो.

"सही मागायची तर कारण द्यावं लागेल," तो म्हणाला. "कारण दिलं तर माझ्या पाळीत चूक झाली असं होईल."

"माझी चूक म्हणान लिवा. माका काडून टाका."

"तुझी चूक ती माझीच पाळी. आणि मुलगा खाणीत कमावतोय ना? मग रडतोस कशाला? जा, कामाला लाग."

दत्तारामनं त्याचे पाय धरले. नाबरनं पाय सोडवून घेतला आणि पुढचा नंबर पुकारला.

चार वाजता नाबर चहा प्यायला खाली उतरला. दत्तारामनं चाकूनं दोरा कापला, स्वतःच मारलेल्या दोन गाठी तोडल्या आणि चिठ्ठी बाहेर काढली. मधुकरनं तिच्या खऱ्या मालकाची फाईल मांडणीवरून काढली, टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवली. एवढं मात्र त्यानं केलं. त्या फाईलची भोकं बोटभर वर होती. चिठ्ठीची जुनी तीन भोकं तिथे जुळेनात. दत्तारामनं मला उचलला.

तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या टोकाची लाज वाटली. मोडलो असतो तर बरं झालं असतं. त्याचा घाम माझ्या नेढ्यापर्यंत आला होता आणि तो पुटपुटत होता, "माफ कर रे जयवंता." मी एरवीसारखाच सरळ गेलो. तीन नवी भोकं. नियमानं चूक झाली होती आणि नियम मोडून ती दुरुस्त झाली. चिठ्ठी अखेर जिथे असायला हवी तिथे गेली.

पहाटे नाबरनं बाकीच्या फायलींना हातही लावला नाही. चिठ्ठीवरचा नंबर त्याच्या ध्यानात होता; थेट त्या एका फाईलकडे गेला आणि चिठ्ठी दिव्यासमोर धरली. सहा ठिपके. तो शांतपणे म्हणाला, "दत्ताराम, वाट लावून घेतलीस." त्याच्या आवाजात सुटका होती. हरवलेली अडतिसावी चिठ्ठी आता दुसऱ्याच्या माथी मारता येत होती.

कोर्टात त्यानं सांगितलं, आरोपीनं मुलाचा गुन्हा लपवण्यासाठी चिठ्ठी काढून दुसऱ्याच्या फाईलमध्ये शिवली. भोकं खोटं बोलत नाहीत. चिठ्ठीवरचा नंबर ताडून बघावा असं कोणाला सुचलं नाही. त्या रात्रीची मोजदाद विचारली गेली. वही उघडली. 'पूर्ण.' मधुकरला विचारलं, चिठ्ठी कोणाची होती हे तुला ठाऊक आहे का. त्याला चार मुलं होती. तो म्हणाला, "मी पाहिलं नाही." मला टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवलं. मी चकाकत होतो. बोलता आलं असतं तर एकच वाक्य बोललो असतो, पण पोलादाला साक्ष देता येत नाही.

तीन महिन्यांची कैद झाली, नोकरी गेली. निकालाच्या दिवशी जयवंत आला होता. खाणीच्या धुळीनं त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. शिपाई दत्तारामला घेऊन निघाले तेव्हा तो वाटेत आडवा उभा राहिला. बापाला त्याच्याकडे बघवेना. खाली मान घालून दत्ताराम म्हणाला, "कागद जाड लागलो होतो रे. माका कळला होता."

जयवंतनं बापाची तिरकी झालेली टोपी नीट केली आणि बाजूला झाला.

आता मी पुन्हा मुद्देमाल आहे. त्याच खोलीत, खिळ्याला टांगलेला, गळ्यात चिठ्ठी. टोकावर गंज चढतोय, आणि चढू दे. नाबरला दिवसपाळीचं मोठं टेबल मिळालं. दफ्तरात बसणाऱ्यांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. शिवणारा म्हणाला, जाड लागतंय, तर हसू नका. हात थांबवा आणि बोटानं कागद सुटा करून बघा.

दिवसपाळीवर जाण्याआधीच्या शेवटच्या रात्री नाबरनं एक काम उरकलं. कोर्टाच्या निकालाप्रमाणे चिठ्ठी मूळ जागी लावायचा हुकूम आला होता, मोठ्या साहेबांच्या सहीचा. ज्या सहीसाठी दत्तारामनं पाय धरले होते, तीच ही सही. नाबरनं जयवंतची फाईल मागवली आणि नवा शिवणारा नवा दाभण घेऊन बसला. मी खिळ्यावरून बघत होतो. त्यानं चिठ्ठी जयवंतच्या कागदामागे सरकवली, कडेला कड लावली. नव्या दाभणाला एकही भोक पाडावं लागलं नाही. माझी तीन तिथे आयती होती, त्यातूनच दोरा गेला.