पाळण्याखालचा कार्बाइडचा दात

मी पाळण्याखालच्या चिंधीतून बोलतोय. हळूच बोलतोय, कान जवळ आणा.

मी भरवेलीच्या खदानीतल्या ड्रिलचा दात. कार्बाइडचा. दिसायला लोखंडासारखा, पण लोखंड नाही. त्यावरूनच घरात तमाशा झाला.

माझा जन्म लाडवासारखा. कार्बाइडची बारीक भुकटी, तिला धरून ठेवायला थोडा कोबाल्ट. साच्यात दाबलं, भट्टीत घातलं. कोबाल्ट पाकासारखा वितळून दाण्यादाण्यात शिरला. पाक जास्त तर लाडू मऊ, कमी तर ठिसूळ, आमचंही तसंच. माझ्या एका भावाची भट्टी घाईनं उतरवली, अंगात भोकं राहिली. पहिल्याच दगडावर बिचाऱ्याचा चुरा! दुसरा भट्टीत जास्तच रमला, त्याचे दाणे फुगले, तो लवकर झिजला. माझी भट्टी नीट जमली, म्हणून मी टिकलो. शेवटी ज्या रॉडच्या तोंडात मला बसवलं होतं तोच मोडला आणि मी भंगारात गेलो.

तिथून खदानीत काम करणाऱ्या पवननं मला घरी आणलं, बायकोसाठी. बाळ झाल्यापासून काळजीनं रचनाचा डोळा लागला नव्हता. नजर लागू नये म्हणून पाळण्याखाली लोखंड ठेवतात. सासूनं, मैनाबाईनं, विळा दिला.

"बाळाले लागला तं?" रचना म्हणाली.

चाकू दिला.

"अवो माय, हा तं अजून धारदार!"

मग बोथट म्हणून मी. मला पाहून रचना म्हणते, "यानं गिळलं तं?" बाळाला अजून मान धरता येत नव्हती! तरी मला चिंधीत शिवलं.

एकदा चिंधी धुवायला उसवली, तर मैनाबाई म्हणाली, "पवन, हे गंजलं काहून नाही रे?"

"आई, हे लोखंड नाही, कार्बाइड हाय. लोखंडाचा बाप!"

रचना रडायलाच लागली. "मंग इतके दिवस माह्यं लेकरू असंच झोपून राह्यलं?"

शेजारची पुष्पलता जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन आली. सगळे वाकले. माझा जीव खालीवर. खट्! मी चिकटलो.

"हौ, लोखंडच हाय!" मैनाबाईनं निकाल दिला. "खदानीत जाऊन पोरगा येडा झाला."

चिकटला तो माझ्यातला कोबाल्ट, चुंबक त्यालाही ओढतं. पवन तेच सांगणार होता, पण रचनाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहून त्यानं तोंड मिटलं.

आता दुपार आहे. पाळण्याची दोरी हातात धरून रचना चक्क घोरतेय. बाळ जागं आहे, टकमक पाहतंय. नजर कशी असते मला माहीत नाही. दगडासारखी असली तर बघून घेईन. तुम्ही फक्त दाराची कडी वाजवू नका.