फळीची जाडी

माझा भाऊ गिटारी बनवतो. त्याला सगळे ठोक्या म्हणतात. समोर येईल त्या वस्तूवर बोटाचं पेर आपटायचं आणि कान लावायचा, ही त्याची लहानपणापासूनची खोड. दारं, डबे, टेबलं, एकदा तर घरी आलेल्या काकांचं टक्कल. काका भडकले, तर हा म्हणतो, आवाज छान आहे. आज तो एकसष्ट वर्षांचा आहे आणि खोड तीच आहे. फरक इतकाच की आता लोक तिला कला म्हणतात.

मी त्याची मोठी बहीण. नवरा गेल्यावर त्याच्याकडे राहायला आले, त्याला सत्तावीस वर्षं झाली. ठोक्याने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, एका ताईचं ऐकून घेतानाच नाकी नऊ येतात, त्यात आणखी भर कशाला. मागच्या खोलीत तो कापतो, तासतो, जोडतो. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मी पॉलिश करते. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. एका गिटारीला महिना लागतो आणि खांदा कायमचा जातो. वर्षाकाठी आमच्या घरातून चार-पाच गिटारी बाहेर पडतात. त्यांच्यासाठी लोक दोन-दोन वर्षं थांबतात.

गिटारीत बोलते ती वरची फळी. बाकी सगळं तिला धरून ठेवायला असतं. ठोक्या प्रत्येक भाग केसाएवढा अचूक मोजतो, पण फळीला मोजपट्टी लावत नाही. वडिलांनी त्याला तसंच शिकवलं होतं. फळी कोपऱ्याशी दोन बोटांत लोंबकळत धरायची, पेराने ठोकायची, ऐकायची, रंधा मारायचा, पुन्हा ठोकायची. जाड फळी वरच्या, बारीक आवाजात वाजते. तासत जावं तसा आवाज खाली उतरतो, भरतो. मग एक क्षण येतो, तेव्हा ठोक्या म्हणतो, बोलली. तिथे थांबायचं. एकदा काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

आणि त्या ठोक्याचे कान गेले होते.

सगळे नव्हेत. माझी बडबड त्याला ऐकू यायची, नको असेल तेव्हासुद्धा. गेले ते वरचे, बारीक आवाज. मला ते कळलं गिटारीच्या लाकडी कडा वाकवायच्या नळीमुळे. ती विजेवर तापते आणि पुरेशी तापली की पीं पीं करते. एक दिवस ती करत राहिली, करत राहिली, आणि ठोक्या तिच्याशेजारी उभा राहून पेन्सिलीला टोक काढत होता. लाकडाचा जळका वास आला तेव्हा त्याने वळून पाहिलं. मी काही बोलले नाही. म्हटलं, वय झालं, माझेही गुडघे कुठे जागेवर आहेत.

पुढच्या गिटारीला पॉलिश करताना बोळ्याखाली फळी दबली. अगदी थोडी, भरलेल्या पिशवीवर हात ठेवल्यावर दबते तशी. आजवर अशी कधी दबली नव्हती. मी हात उचलला, पुन्हा ठेवला. त्या दुपारी मला सगळं उलगडलं. फळीचा बारीक आवाज त्याला ऐकूच येत नव्हता. म्हणून त्याला ऐकू येईल इतका आवाज खाली येईपर्यंत तो तासत होता. त्याच्या कानाला बोलायची तेव्हा फळी निम्मी उरलेली असायची.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती गिटार तारा चढवून वाजली आणि घेणारा माणूस खुर्चीतच रडला. अशी गिटार ठोक्याने जन्मात बनवली नव्हती. कागदासारखी फळी, नुसता श्वास लागला तरी बोलायची. त्यानंतरची तर त्याहून सरस. लोक म्हणायला लागले, उतारवयात हात उघडला. एका मासिकात फोटो आला. ठोक्याने तो कापून आरशाला चिकटवला आणि दाढी करताना स्वतःच्या तोंडाऐवजी तोच बघत गाल कापून घेतला. त्याला मी काय सांगणार होते? की बाबा रे, हे तुझ्या हाताचं कौतुक नाही, कानाच्या दुखण्याचं आहे? त्या मागच्या खोलीवाचून त्याला दुसरं जग नाही. मी मूग गिळून बसले, आणि याला माया म्हणतात अशी स्वतःची समजूत घातली.

गेल्या वर्षी त्यांतली पहिली गिटार परत आली. ठोक्या लाकूड बघायला गेला होता, खोकं मी उघडलं. तारांचा ताण दिवसरात्र असतोच. ज्या घोडीवरून तारा जातात तिच्यामागे फळी फुगली होती, पुढे खचली होती, आणि मधोमध हातभर चीर गेली होती. मी वाद्याच्या दुकानातून जाडी मोजायचं माप आणलं आणि मधल्या गोल भोकाच्या काठाशी फळी मोजली. अडीच मिलिमीटर हवी, ती दीडसुद्धा नव्हती. मालकाला कळवलं, कारागीर आजारी आहेत, वेळ लागेल. गिटार माझ्या कपाटात रजयांच्या मागे ठेवली आणि पुढच्या गिटारीला पॉलिश करायला बसले. तोपर्यंत तशा नऊ बाहेर गेल्या होत्या. आज दुपारी एक वादक जी घ्यायला आले ती बारावी.

हे वादक पन्नाशीचे, सडपातळ. उजव्या हाताची नखं तारा छेडायला वाढवलेली, म्हणून खोक्याचा खटका त्यांनी डाव्या हाताने उघडला. गिटार बाहेर काढली आणि बराच वेळ वाजवलीच नाही. खिडकीकडे नेऊन तिरपी धरली. भोकाभोवतीच्या नक्षीवर नाक टेकेल इतके वाकले. ती नक्षी म्हणजे रंगवलेलं काही नाही, वेगवेगळ्या झाडांचे तांदळाहून बारीक तुकडे एकाशेजारी एक बसवलेले. ठोक्या त्यावर दोन आठवडे बसला होता. मग त्यांनी मानेच्या मागून अंगठा फिरवला, पाठीच्या दोन फळ्यांचा सांधा शोधला, सापडला नाही, तेव्हा हसले.

"पॉलिश कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"ताईचं," ठोक्या म्हणाला. "मी नुसता सुतार आहे. माणसात आणते ती."

मग ते वाजवायला बसले. काय वाजवलं मला सांगता येणार नाही. एवढंच कळलं की आमची ही खोली, जिच्यात मी रोज केर काढते, ती मोठी झाली. एकेक सूर सुटून भिंतीपर्यंत जात होता आणि सावकाश परत येत होता. मला आनंद झाला. लाज वाटावी इतका आनंद झाला. ठोक्या डोळे मिटून, मान पुढे करून ऐकत होता आणि त्यातलं निम्मं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

वादक थांबले. डोळे पुसत म्हणाले, "आयुष्यभर हिचीच वाट बघत होतो असं वाटतंय. हिला जपायचं कसं?"

"काही करू नका, रोज वाजवा," ठोक्या म्हणाला. "तुमच्यानंतर तुमची मुलगी वाजवेल, तिच्यानंतर तिची पोरं."

"नाही वाजवणार," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही माझा आवाज परका वाटला. मी आत गेले, रजया खाली टाकल्या, ती फुटकी गिटार आणली आणि ठोक्याच्या समोर टेबलावर ठेवली. माप शेजारी ठेवलं. वादकांना म्हणाले, "माफ करा. हीसुद्धा अशीच वाजायची. तीन वर्षंसुद्धा टिकली नाही."

ठोक्याने गिटारीला हात लावला नाही. आधी बघत राहिला. मग भोकाच्या काठावर अंगठा आत, तर्जनी बाहेर, अशी चिमटीत फळी धरली आणि चिमूट तशीच ठेवली. त्याचा चेहरा उतरत गेला. ते मापही त्याने उचललं नाही, त्याला गरज नव्हती.

"मग ही किती टिकेल?" वादकांनी हळूच विचारलं. "मला चालेल. तुम्ही म्हणाल तेवढीच वाजवेन. मी तक्रार घेऊन येणार नाही."

"मला नाही चालणार," ठोक्या म्हणाला. त्याने त्यांच्या मांडीवरची गिटार काढून घेतली, आदराने, झोपलेलं मूल उचलावं तशी, आणि एकेक खुंटी उलटी फिरवायला लागला. सहाही तारा ढिल्या झाल्यावर त्याने ती टेबलावर फुटकीच्या शेजारी ठेवली. वादक मोकळं खोकं घेऊन गेले. दारात त्यांनी मला नमस्कार केला. तो मला घेववला नाही.

मी वाट बघत होते की हा आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"पहिलीपासून. बोळ्याखाली दबली होती."

"बाराही दबल्या?"

"हो."

तो स्टुलावर बसला. "कान गेलाय हे मला ठाऊक होतं, ताई. नळी वाजलेली ऐकू येत नाही हेही कळू नये, एवढा काही मी खुळा नाही. अडीच-तीन वर्षं झाली. तपासून पण आलो गुपचूप."

"मग तासत का राहिलास?"

"तुझ्या भरवशावर," तो म्हणाला. "वाटायचं, माझा कान चुकला तर तुझ्या हाताला कळेल. फळीवर तुझा हात महिनाभर असतो, माझा कुठे असतो इतका? प्रत्येक वेळी पॉलिश झालं की मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू म्हणायचीस, झाली बघ, छान झाली. मग मी तारा चढवायचो."

तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले, हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण त्या खोलीत, त्या दोन गिटारींसमोर, ते बोलायची हिंमत झाली नाही. मी एक शब्द बोलले असते तर अकरा गिटारी वाचल्या असत्या आणि हाही वाचला असता. हातांत काहीच उणं नव्हतं त्याच्या. फळीला माप लावलं असतं, वडिलांची रीत मोडली असती, रुसला असता चार दिवस, आणि आणखी वीस वर्षं काम केलं असतं. आता त्याच्याकडून गिटार कोण घेणार आणि हा तरी कोणत्या तोंडाने देणार.

संध्याकाळ व्हायच्या आधी त्याने मला कागद घेऊन बसवलं. त्याचं अक्षर वाईट, घरातली पत्रं मीच लिहिते. अकरा पत्रं. जी परत आली तिच्या मालकालासुद्धा खरं काय ते कळवायचं. प्रत्येक गिटार कोणाकडे आहे, फळी कोणत्या ओंडक्यातली, सगळं त्याला तोंडपाठ. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. तारा ताबडतोब उतरवा. वाजवू नका. मी नवी फळी बसवून देऊ शकेन की नाही हे सांगता येत नाही. शेवटचं वाक्य सांगताना तो खिडकीकडे बघत होता.

"लिही, चूक माझ्या कानाची आहे, दुसऱ्या कोणाचीही नाही."

मी पेन थांबवलं. तो वाट बघत राहिला. मग मी लिहिलं, तो म्हणाला तसंच, अकराही पत्रांत.