नवरदेवाच्या जागी बोंडअळी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पूर्वी माझ्यात बिस्किटं असायची. वालूरच्या सत्यशीलेनं मला भोकं पाडली, पोटात तारा जोडल्या आणि मी बिस्किटांतून उठून थेट टीव्हीच्या धंद्यात शिरलो.

माझं काम सोपं. मागून दोन तारा आत येतात, एक अँटेनाची आणि एक लग्नाच्या कॅमेऱ्याची. दोन तारा बाहेर जातात, दोन टीव्हींकडे. पुढे दोन बटनं, प्रत्येक टीव्हीचं वेगळं. पिवळ्या ठिपक्याकडे फिरवलं की अँटेनाचं चित्र, लाल ठिपक्याकडे फिरवलं की कॅमेऱ्याचं. कोणती तार कुणाच्या घरून आली हे मी कधी विचारलं नाही. आलेलीला आत घ्यायचं आणि सांगाल तिथे पोचवायचं.

सत्यशीलेचे वडील तात्याराव रेडिओ दुरुस्त करायचे. गावातल्या किशनरावांचा रेडिओ त्यांनी वीस वर्षं दुरुस्त केला, पण अंगणातल्या लिंबाखाली बसून. तात्याराव बौद्ध, म्हणून रेडिओ बाहेर यायचा, ते आत जायचे नाहीत. ते हे हसत सांगायचे, पण सत्यशीला हसायची नाही.

मग किशनरावांच्या मुलीचं, पद्मिनचं लग्न ठरलं. रीत अशी की अक्षता पडताना मुलीच्या आईनं मांडवात थांबायचं नाही. पद्मिनची आई कडूबाई अंगणात गहू निवडता निवडता सत्यशीलेला म्हणाली, "वीस वर्सं वाढवली लेकीला, अन् माळ घालताना तिचं तोंडबी दिसणार न्हाई मला. कुणी काढली गं ही रीत?"

त्याच दिवशी सत्यशीलेनं मला बिस्किटांच्या दुकानातून मागून आणलं. मित्रांनो, माझा जन्म झाला तो असा, एका आईला लेकीचं लग्न दाखवण्यासाठी! याचा मला आजही ताठा आहे.

कडूबाईची नणंद कस्तुराबाई रीतीभातीत मोठ्या पक्क्या. त्यांना विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. त्यांनी तोंडातली सुपारी दोनदा इकडून तिकडे केली आणि निकाल दिला, "मांडवात बघू न्हाई म्हणतेत. डब्यात बघू न्हाई असं कुणी म्हणलंय?"

गोरज मुहूर्त होता. एक टीव्ही मांडवात मागं बसणाऱ्यांसाठी, दुसरा स्वयंपाकघरात कडूबाईसाठी. सत्यशीलेनं ओसरीवरूनच खिडकीतून तारा आत सोडल्या. कडूबाईचा मुलगा बन्सीधर मला आत घेऊन गेला. मांडवातला टीव्ही लालावर लावलेला होता. कडूबाईनं फक्त आपलं डावं बटन वेळेवर लालाकडे फिरवायचं, एवढंच उरलं होतं.

पण कस्तुराबाई आल्या की! "नवी वस्तू घरात आली अन् पूजा न्हाई?" असं म्हणून त्यांनी माझ्या तोंडभर हळदकुंकू लावलं. एकही ठिपका सोडला नाही. मी नवरीसारखा सजलो. आणि माझे लाल-पिवळे ठिपके त्या सौभाग्यात बुडून गेले!

मंगलाष्टकं सुरू झाली. कडूबाई टीव्हीपुढे बसली. पडद्यावर शेतीचा कार्यक्रम चालू होता आणि हातभर मोठी बोंडअळी कापसाचं बोंड पोखरत होती.

"अगं माय! ह्यो काय जावई?" कडूबाई ओरडली. तिनं घाबरून बटन फिरवलं, ते नेमकं उजवं. आत बोंडअळी तशीच राहिली, आणि बाहेर मांडवातही नवरदेव जाऊन बोंडअळी आली. मांडव खो खो हसला. भटजीही एक ओळ चुकले म्हणतात. कडूबाई मात्र रडकुंडीला आली. उरलीच होती किती मंगलाष्टकं? दोन!

सत्यशीला धावत आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थबकली. माझा जीव तारेत अडकला.

"तिथं काय उभी ऱ्हायलीस?" कडूबाई ओरडली. "आत ये की!"

"काकू, कस्तुराबाई..."

कस्तुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी एकदा अळीकडे पाहिलं, एकदा सत्यशीलेकडे. "माझ्याकडं काय बघायलीस? लगीन लागायलंय तिकडं. जा लवकर!"

सत्यशीला आत आली. पदरानं माझं तोंड पुसलं, दोन्ही बटनं फिरवली, आणि पडद्यावर पद्मिन उभी राहिली, हातात माळ घेऊन. सत्यशीला परत निघाली तर कडूबाईनं तिचं मनगट धरलं आणि शेजारी बसवून घेतलं. शेवटचं "सावधान" झालं. कडूबाई रडत होती, हसत होती, पण मनगट काही सोडत नव्हती. इतका आनंद माझ्या पत्र्यात मावेना!

पुढे मी बोरीला गेलो, देवगाव फाट्याला गेलो. किती आयांनी माझ्यातून लेकीचं लग्न पाहिलं! आता नव्या टीव्हीला मागेच सगळी भोकं असतात, म्हणून मी सत्यशीलेच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात फळीवर असतो.

मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या तारा हिसकून काढू नका, धूळ अधूनमधून पुसत चला. कुंकवाचा एक डाग मात्र उजव्या बटनाखाली अजून आहे, तो राहू द्या. आणि हो, त्या वर्षीच्या दिवाळीत किशनरावांचा रेडिओ पुन्हा बिघडला. तात्याराव सवयीनं लिंबाखाली बसले. कडूबाईनं रेडिओ काही बाहेर आणला नाही. ती दारातून म्हणाली, "तात्याराव, रेडिओ आत हाय. चहाबी आतच ठिवलाय."