बिनपाण्याचा ट्रॅक्टर

शनिवारी दुपारी अंजूरच्या शेडमध्ये दोघा चुलतभावांचं पुन्हा जुंपलं होतं. शेडखालची अर्धी जमीन गोडाऊनला गेली होती. आता आत एकच ट्रॅक्टर मावणार होता, दुसरा भंगारात. कुठला, ते सोमवारपर्यंत ठरवायचं होतं.

"खाडीकाठचं पानी खारं. तुज्या निळ्याचा रेडिएटर किती वेळा कुजला, सांग," तुळशीराम म्हणाला. "माजा तांबडा वाऱ्यावर गार होतो. पानी मागत न्हाय."

"मागत न्हाय, पन बोंबलतो किती! धुराडं सीटच्या उजव्या अंगाला. एक कान गेला तुजा, दुसरा चाललाय."

"काय?"

"बघ!" केसरीनाथला हसता हसता खोकला आला. "आनी नांगर उचलायची लिफ्ट? माजा नांगर आपली खोली आपन सांभाळतो. तू बस दांडा ओढत."

"चिखलात घोडीसारखा पुढून उठतो, ते सांग की! त्या साली बांधावर मी होतो म्हनून वाचलास."

तुळशीरामची मुलगी मृणाली भिवंडीच्या कॉलेजातल्या ग्रंथालयातून अर्धा दिवस करून आली होती. चहा ठेवून ती आत गेली. या वयात यांना भांडायला एवढा दम कुठून येतो, असं तिच्या मनात आलं, इतकंच. नंतर आठवावं असं त्या दिवशी काही घडलं नाही.

रविवारी सकाळी तुळशीराम उठलाच नाही.

तेरावं उरकल्यावर केसरीनाथ शेडमध्ये आला. मृणाली तिथंच उभी होती. तो बराच वेळ दोन्ही ट्रॅक्टरांकडे बघत राहिला.

"भंगारवाल्याला सांगून आलोय, बाय. निळा ने म्हनून. तुज्या बापाचाच चांगला व्हता."

मृणालीनं त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत ट्रॅक्टरच्या बाबतीत काका पहिल्यांदाच खोटं बोलत होता. अशा जिंकण्यानं बाबा उलट चिडले असते. तेरा दिवस माणसं येत होती, तुळशीरामचं सगळंच कसं चांगलं होतं ते सांगून जात होती. तिला आता चांगलं ऐकवत नव्हतं.

"नाही काका. निळाच चांगला. तो ठेवा."

"अगो, बापाची आठवन हाय ती."

"तांबड्यानं पाणी मागितलं नाही, खरंय. कान मागितले." तिनं तांबड्याच्या मडगार्डवर हात टेकला. दारातल्या उन्हानं पत्रा तापला होता, तरी तिनं हात काढला नाही.

"माझी पहिली हाक त्यांना ऐकू जायची नाही," ती म्हणाली. "दुसरी मी मारायचेच नाही. कामावरून दमून आलेली असायचे. जाऊ दे, काय मोठंसं सांगायचंय, म्हणून आत निघून जायचे. कंटाळा यायचा मला बाबांशी बोलायचा, काका."