पुढची तारीख

"बाई, माझा शेवट मंगळवारी आहे, हे तुमच्या मशीनला कोणी सांगितलं?"

दारात टेलरकाका उभे होते. डायलिसिस वॉर्डात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. वॉर्डाला लागून एक चिंचोळी खोली होती, तिथे हॉस्पिटलच्या प्रोग्रॅमर बाई बसत. आधी त्यांना वाटलं, काकांची नेहमीची थट्टा. पण मागे काकू पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या, आणि त्या हसत नव्हत्या.

"कुठला मंगळवार?"

"पुढच्या वर्षीचा. बाहेर डायलिसिसच्या तारखा दाखवणारा तुमचा नवा पडदा लावलाय ना, त्यात माझा नंबर घातला. आठवड्याला दोन, आठवड्याला दोन, तारखा आपल्या खाली खाली चालल्यात. मीपण बोट लावून बसलो. एका मंगळवारी गाडी थांबली. खाली काय लिहिलंय? समाप्त."

बाईंना हसू आलं आणि अर्ध्यातच विरलं. तो शब्द त्यांनीच टाकला होता, चहा पिता पिता.

"अहो काका, त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही. प्रोग्रॅम सगळ्या पेशंटांच्या सगळ्या तारखा आधीच करून ठेवतो. फार झाल्या की मशीन कुंथायला लागतं. कुठेतरी थांबवायला हवं, म्हणून मी थांबवलं."

"कळतं हो मला. मीही जन्मभर कापडच बेततोय. कुठेतरी कापावं लागतंच," काका म्हणाले, आणि सिस्टरांची हाक आली तसे बेडकडे गेले.

काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"कळतं म्हणतात, पण डोक्यात शिरलंय ते जात नाही," त्या हळूच म्हणाल्या. "नातीच्या शाळेचा कोट करायचाय. पोरगी वाढीची. वाढत्या पोरांच्या कपड्यात हे आतून चांगली माया ठेवतात, जास्तीचं कापड दुमडून, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून मोठा करता येतो. परवा बघते तर खडूने बेतलंय अगदी अंगाबरोबर. म्हटलं, माया कुठेय? तर म्हणे, उसवायला कोण असणारे?"

काकूंनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत भलीमोठी कात्री होती.

"म्हणून ही पळवली. घरभर शोधाशोध चाललीय. पण मी तरी किती दिवस लपवणार? एकदा कापलं की मग वाढवता येत नाही."

बाईंच्या चुकांमुळे आजवर लोकांचे पगार अडकले होते, बिलं दुप्पट झाली होती, एकदा तर डॉक्टरांचीच नावं पेशंटांच्या यादीत गेली होती. पण कुणाचं कापड आखूड झालं नव्हतं.

त्या दिवशी बाकीची कामं राहिली. 'समाप्त' पुसायला क्षणभर लागला, पण त्याने भागेना. त्याच मंगळवारी तारखा मुक्याने थांबल्या असत्या, एवढंच. मर्यादा वाढवावी, तर दुसऱ्या कुणाच्या वाट्याला दुसरा मंगळवार आला असता. शेवटी बाईंनी तारखांचा तो ढीगच काढून टाकला आणि त्या जागी एक छोटंसं फंक्शन लिहिलं: हातातली तारीख द्या, पुढची घ्या. सुट्टी आली तर एक दिवस पुढे. मागाल तेव्हा, मागाल तेवढीच. न संपणाऱ्या अशा मालिकेला त्यांच्या धंद्यात आळशी म्हणतात, कारण कुणी मागितल्याशिवाय ती बोटसुद्धा हलवत नाही.

चालवून पाहिलं, तर पडदा गोठला. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. दुपारभर बाई त्या गरीब फंक्शनचा उद्धार करत होत्या, आणि चूक भलतीकडेच होती. वरच्या कोपऱ्यात जुनी एक ओळ राहून गेली होती: 'एकूण फेऱ्या'. जिला शेवटच नाही तिची मोजदाद करायला मशीन बसलं होतं, आणि तसंच बसून राहिलं असतं. बाई एकट्याच हसल्या. ती ओळ काढली आणि मशीन शुद्धीवर आलं.

शुक्रवारी काका-काकूंना त्यांनी पडद्यासमोर उभं केलं. त्यावर एकच तारीख होती आणि खाली बटण: 'पुढची'.

"बाकीच्या कुठे गेल्या?" काकांनी विचारलं.

"कुठेच नाहीत. तुमचं मशीन सगळे टाके आधीच घालून ठेवतं का? पाय मारला की एक पडतो, त्याच्यापुढे दुसरा. तसंच हे. आळशी आहे, मागितल्याशिवाय देत नाही."

"तसा एक आमच्याकडेही आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी ते कानाआड केलं. "पण बाई, दोरा संपतो."

बाईंना गोड काहीतरी बोलता आलं असतं. "संपतो, काका," त्या म्हणाल्या. "कधी, ते मला सांगता येत नाही. आणि आता मशीनलाही सांगता येत नाही. एवढंच मी केलंय."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. तारीख आली. पुन्हा दाबलं. दाबता दाबता तो मंगळवार आला, आणि काकांचं बोट अडलं. काकूंनी पिशवी घट्ट धरली.

काकांनी बटण दाबलं. शुक्रवार आला, इतर शुक्रवारांसारखाच. मग ते दाबतच सुटले.

"काका, बेड खोळंबलाय!" सिस्टर ओरडल्या.

"आलो, आलो. बास, सध्या एवढ्या पुरे."

डाव्या हाताला सुया लागल्या, मशीन घुमायला लागलं. बाई दारातच रेंगाळल्या होत्या.

"अगं, तोपर्यंत पोरगी केवढी होईल?" काकांनी विचारलं.

काकूंनी आपल्या खांद्याला हात लावला. "इथपर्यंत. आईच्या अंगलटीवर गेलीय."

"मग घरी गेल्यावर ती कात्री काढ. पिशवीत आहे, माहितीये मला. पण आधी खडू पुसायचा. बाह्यांना चार बोटं माया ठेवू. खाली वीतभर."

"वीतभर? कोट शिवताय की तंबू?"

"असू दे गं. उसवायला मी आहे ना," काका म्हणाले, आणि मोकळ्या हाताची वीत त्यांनी चादरीवर आणखी थोडी पुढे सरकवली.