घट्ट काजं

धांदल हे काही तिचं खरं नाव नाही. ते मी ठेवलंय. बाई वॉर्डात शिरली की पडदा ओढला, उशी झटकली, माझं तोंड पुसलं, केस विंचरले, हे सगळं आपण ‘अगं’ म्हणेपर्यंत उरकलेलं असतं. काम नसलं की तिचे हात शिवशिवतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझा उजवा हात अधू झाला, तेव्हापासून माझी बटणंही तीच लावते. जन्मभर शिलाई मशीनवर बसले, निम्म्या गावाच्या अंगावर माझी काज-बटणं फिरली, आणि आता माझं बटण दुसऱ्यानं लावायचं. सुरुवातीला माझा नुसता तिळपापड व्हायचा. मग सवय झाली. मग, लपवू कशाला, आवडायला लागलं. मुलगा दर रविवारी फोन करतो, मायेनं बोलतो, पण फोनमधून गळ्याशी कुणाची बोटं लागत नाहीत.

तर या धांदलीला नर्स व्हायचं होतं. बारावी झाली आणि घरच्यांनी हात वर केले, तेव्हापासून ती आमच्या वृद्धाश्रमात मदतनीस. विष्ठा पुसायला ती, रात्री हाक मारली की उठायला ती, पण औषधाच्या कपाटाला हात लावायची सोय नाही. एका साबण कारखान्याच्या मालकीणबाईंनी मरताना मोठा निधी ठेवलाय. म्हाताऱ्यांची शुश्रूषा शिकायची असेल त्याची तीन वर्षांची फी, राहणं, जेवण, हातखर्च, सगळं निधीतून. शिकून आलं की सिस्टर म्हणून पक्की नोकरी. आमच्या आश्रमातून वर्षाला एकच जागा, आणि वयाची अट. धांदलीचं हे शेवटचं वर्ष होतं. हुकलं की जन्मभर बेडपॅनच.

निधीवाले मार्क बघत नाहीत. त्यांच्या परीक्षक बाई येतात, पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहतात आणि एका पेशंटचं सकाळचं आवरताना बघतात. गेल्या वर्षी त्यांनी धांदलीला नापास केलं होतं. कारण काय, तर ही पेशंटला काही करूच देत नाही. धांदल दोन दिवस रडली. मग आमच्या मोठ्या सिस्टरनी तिला समोर बसवून समजावलं की म्हाताऱ्या माणसाचा चालता हात आपण वापरू दिला नाही, तर तोही जातो, आणि ते पाप आपल्या मायेचं असतं. तेव्हापासून पोरीनं ध्यास घेतला. थांबायला शिकायचं.

पेशंट निवडायची मुभा होती. तिनं मला निवडलं. रोज सकाळी आमची तालीम चालायची. मोठ्या बटणांचा सैल स्वेटर, मी डाव्या हातानं बटणं लावायची आणि तिनं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. मला ते जमायला लागलं, तिला काही केल्या जमेना. तिसऱ्या बटणाला तिचा हात पुढे आलाच म्हणून समजा. शेजारच्या पलंगावरच्या बँकवाल्या बाई म्हणायच्या, हिचे हात बांधायला दोरी आणा कुणीतरी. आम्ही तिघी हसायचो. हसता हसता एकदा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की ही पास झाली तर जाणार. तीन वर्षं. तीन वर्षांनी मी कुठे असेन, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून माझं तोंड कडू झालं. तिच्याशी धड बोलेना. तिला वाटलं तब्येत बरी नाही, तिनं आणखी दोनदा पाय चेपले. मला आणखी राग आला.

परीक्षेच्या सकाळी परीक्षक बाई आल्या. उंच, सडसडीत, बोलायचं काम नाही. हातातलं घड्याळ काढून त्यांनी खिडकीत ठेवलं. वीस मिनिटांत मी कपडे करून चाकांच्या खुर्चीत बसलेली हवी. मोठ्या सिस्टर दाराशी थांबल्या. धांदलीनं पडदा ओढला, ऊन पाण्यानं माझं तोंड पुसू दिलं मला, आणि नेमाप्रमाणे विचारलं, “आजी, आज काय घालायचं?”

स्वेटर खुर्चीच्या पाठीवर तयार होता. मी म्हटलं, “माझं काळं जॅकेट दे.”

ती थबकली. ते जॅकेट मी स्वतः शिवलंय, धडधाकट होते तेव्हा. चार बटणं, चारी काजं हातानं केलेली, इतकी घट्ट की एकदा लागलेलं बटण बसच्या गर्दीतसुद्धा सुटायचं नाही. दोन चांगल्या हातांनीही ते लावताना माणूस रडकुंडीला येतं. धांदलीला हे ठाऊक होतं, कारण दोन वर्षं तीच ते लावत आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. मीही नजर चुकवली नाही. काय घालायचं ते पेशंट ठरवणार, हा त्यांचाच नेम. ती मुकाट्यानं कपाटाकडे गेली आणि जॅकेट घेऊन आली.

अधू हात आधी बाहीत, मग चालता. ते नीट झालं. मग ती एक पाऊल मागे सरली, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाली, “सावकाश होऊ द्या.”

मी पहिलं बटण धरलं. अंगठ्यानं रेटलं. काज उघडेचना. बटण निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. खरं सांगते, मनातून मला बरं वाटत होतं. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं असं निसटू द्यायचं, वीस मिनिटं संपू द्यायची, किंवा तिचा हात पुढे येऊ द्यायचा. कुणाच्या बापाला कळलं नसतं. म्हातारीचा अधू हात, त्याला कोण काय बोलणार? दाराशी सिस्टरचा जीव टांगणीला लागला होता. बँकवाल्या बाई पडद्याआडून एकदाही खोकल्या नाहीत.

मी सहज मान वर केली. धांदलीच्या मागे कपाटाचा आरसा आहे. त्यात तिची पाठ दिसत होती आणि पाठीमागे धरलेले दोन हात. चेहरा एकदम शांत, पण ती बोटं हवेत बटणं लावत होती. अंगठा रेटायचा, तर्जनी पलीकडून ओढायची, पुन्हा अंगठा. माझं बटण निसटलं की त्या बोटांनाही ठेच लागल्यासारखी ती थांबायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. तिला माहीत नव्हतं की मला दिसतंय.

मला स्वतःची लाज वाटली. आणि त्याहून जास्त, माझ्याच हातच्या काजापुढे मी हार खाते याचा संताप आला. मी जॅकेटची कड दातात धरली. काज ताणलं, बटण आडवं केलं, रेटलं. गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला नख मोडलं, रक्ताचा ठिपका आला. धांदल अर्धं पाऊल पुढे आली. मी डोळे वटारले. ती तिथल्या तिथे थांबली, कपाळावरून घाम ओघळत होता तोही पुसेना. तिसरं गेलं.

चौथं जाईना. बोटांत जीवच उरला नव्हता. परीक्षक बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आता खुर्चीत जायला जेमतेम वेळ होता. हिचा हात येणार, मला वाटलं, आता येणारच, आणि मीच देवाला म्हणत होते की येऊ नको देऊस.

धांदल वाकली. माझ्या डोळ्यांसमोर आली. “मदत करू, की राहू देऊ या?”

दोन वर्षांत तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं. कुणीच नाही.

“राहू दे,” मी म्हटलं. “वारा लागला तर लागू दे.”

खुर्ची माझ्या चालत्या बाजूला, ब्रेक लावलेले, पाय जमिनीला टेकलेले. तुम्ही म्हणाल तेव्हा, ती म्हणाली. मी म्हटलं तेव्हा आम्ही उठलो आणि मी खुर्चीत बसले. परीक्षक बाईंनी घड्याळ उचललं. मला वाटलं सुटलो. पण त्या माझ्यासमोर आल्या आणि पहिल्यांदाच बोलल्या.

“आजी, ही रोज अशीच थांबते का?”

दाराशी सिस्टरनी डोळे मिटले. धांदलीचा चेहरा पांढरा पडला. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण त्या बाईंना खोटं लगेच कळलं असतं, आणि तिसऱ्या बटणाच्या रक्तानंतर माझ्याच्यानं ते बोलवलंही नसतं.

“नाही,” मी म्हटलं. “आज पहिल्यांदा थांबली. आणि हे जॅकेट मी मुद्दाम मागितलं होतं, ती नापास व्हावी म्हणून. मला ती इथे हवीय. तरी थांबली. तिला सगळं येत असतं बाई, तर तुमचे पैसे कशाला लागले असते?”

परीक्षक बाई उघड्या राहिलेल्या चौथ्या बटणाकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या. निकाल यायला आठवडा लागला. मग मोठ्या सिस्टर वॉर्डात आल्या ते हसतच आल्या.

ती निघाली त्या सकाळी निधीची गाडी फाटकाशी उभी होती. धांदल नवा कोट घालून माझ्या पलंगाशी आली. गडबडीत बटणं वरखाली लागलेली, एक बाजू गुडघ्याशी लोंबतेय. हे असं ध्यान घेऊन शिकायला जाणार, मी म्हटलं, लोक मला नावं ठेवतील. वाक खाली. ती पलंगाच्या कडेला बसली. डाव्या हातानं मी बटणं सोडवली आणि पुन्हा लावायला घेतली. पहिलं लावलं. दुसरं लावलं. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी तिसरं नुसतं धरून ठेवलं. मला म्हणायचं होतं जाऊ नकोस.

“उरलेली तूच लाव,” मी म्हटलं. “गाडी चुकेल.”

“चुकू दे,” ती म्हणाली, आणि हात पाठीमागे घेऊन बसून राहिली.